किमतीचं तेवढं बोलू नका

सांगली,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू घाईत होतास, मागून वहिनी हाका मारत होत्या, म्हणून मी फार बोललो नाही. पण तू जाहिरात टाकून विकायला काढलेल्या जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाबद्दलचं तुझं एक वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "गाडी न बघताच घेतो म्हणाला. फौजी माणूस आहे, घासाघीससुद्धा केली नाही." म्हणून सकाळी उठून लिहायलाच बसलो. सगळं वाच. वाचून होईपर्यंत त्या माणसाला काही पाठवू नकोस आणि त्याच्याकडून काही घेऊही नकोस. एक रुपयासुद्धा.

शोरूमवाला जुन्या गाडीचे जे देतो त्यापेक्षा बाहेर साठ-सत्तर हजार जास्त येतात, हे तुझं गणित बरोबर आहे. तेवढ्या पैशांसाठी थोडी दगदग सोसावी असंच मीही म्हणेन. तेव्हा विकू नकोस असं सांगत नाहीये.

आधी तुझा फौजी. त्यानं तू न मागताच ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला असेल. पोस्टिंग कुठंतरी लांब, एखाद्या विमानतळावर नाहीतर सीमेवर. सुट्टी नाही म्हणून स्वतः येता येत नाही, युनिटचा ट्रक येऊन गाडी उचलेल. पैसे युनिटच्या खात्यातून येणार आहेत, त्यासाठी तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पहिल्यांदा तो पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो, तुझा विश्वास बसावा म्हणून. पुढच्या कोडला पिन टाकायला सांगतो आणि पैसे तुझ्याच खात्यातून जातात. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला पिन लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. हे आईलाही सांगून ठेव, कारण तू ऑफिसात असताना फोन ती उचलते.

मला या प्रकाराचा राग येतो तो आणखी एका कारणानं. आपल्या या बाजूला, घरोघरी फौजी असलेली मिलिटरी अपशिंग्यासारखी गावं जिथं आहेत तिथं, वर्दी म्हटलं की माणूस खुर्ची पुढं सरकवतो. त्या आदरावरच ही चोरी चालते. माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं होता. त्याला मी असे फोटो दाखवले तर तो एवढंच म्हणाला, "खरा जवान आपलं कार्ड अनोळखी माणसाला पाठवत नसतो रे." ते फोटो बहुधा कुणातरी खऱ्या जवानाचे चोरलेले असतात. तू आरसी आणि आधारचे फोटो पाठवलेस तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुझे फोटो दाखवले जातील. म्हणून कुणाला प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिही, 'फक्त या गाडीच्या व्यवहारासाठी', खाली तारीख घाल, आणि आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाक. जाहिरातीतल्या फोटोत नंबरप्लेट दिसते आहे, तीही आजच झाक. नंबर उघडा राहिला की 'तुमच्या गाडीचं चलन' म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी, फाइल पाठवणारेही गाठतात. ती फाइल उघडायची नाही.

आता मी तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. बाबांची वॅगनआर विकली हे तुला माहीत आहे. ती कशी विकली ते माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी, बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मी जाहिरात टाकली. २०१४ ची गाडी, किंमत दोन लाख साठ हजार. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला. गोड आवाज, शुद्ध मराठी. म्हणाला, मी ठेकेदार आहे, एका माणसाचे माझ्याकडे पैसे आहेत, त्या हिशेबात त्याला ही गाडी घेऊन देतोय. तुमची किंमत मला मान्य. उद्या तो माणूस गाडी बघायला येईल. फक्त दोन गोष्टी करा. मी तुमचा मेहुणा आहे असं त्याला सांगा, आणि त्याच्याशी किमतीचं तेवढं बोलू नका, आमचा आतला हिशेब बिघडतो.

मला त्यात वावगं वाटलं नाही. व्यवहारात लोक असं काहीबाही करतातच. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास विट्याहून एक जोडपं एसटीनं आलं. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. नवरा यंत्रमागावर काम करणारा, बोटं तेलानं काळवंडलेली. त्यानं बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढून रुमालाला पुसून बघितली, टायर नखानं दाबून बघितले. मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली आणि काच खाली-वर करत राहिली. बायकोनं हळूच विचारलं, "पाऊसपाण्यात कुठं गळत नाही ना हो?" मग त्यानं मला विचारलं, "ते तुमचे कोण?" आणि मी सांगितलं, "मेहुणा."

हा शब्द माझ्या तोंडून गेला रे. फुकट, सहज गेला.

त्यानं फोन काढला आणि म्हणाला, "गाडी आवडली. मेहुण्यांच्या खात्यावर एक लाख सत्तर टाकतो, वीस काल रात्री टाकलेतच. पावती तुम्ही देणार का ते?" मी म्हटलं, एक लाख सत्तर कसले? तेवढ्यात माझा फोन वाजला. तोच गोड आवाज. "बघून झाली का? आता तुम्ही बाजूला व्हा, त्याला माझ्याशी बोलू द्या." आणि दुसऱ्या बाजूला त्या माणसाच्या फोनवरही त्याच नंबरचा मेसेज येऊन पडत होता, 'लवकर टाका, दुसरं गिऱ्हाईक आहे.'

मी फोन कट केला आणि त्या माणसाला विचारलं, तुम्हाला किंमत किती सांगितली? तो गप्प. त्यालाही तेच सांगितलं होतं ना, की गाडी मेहुण्याच्या दारात आहे, त्याच्याशी किमतीचं बोलू नका. मी माझी जाहिरात उघडून त्याच्यासमोर धरली. दोन लाख साठ हजार. त्यानं त्याच्याकडची दाखवली. तेच फोटो, आमच्याच दारातला तोच पारिजातक, किंमत एक लाख नव्वद हजार. माझे फोटो उचलून त्या चोरानं स्वतःची जाहिरात केली होती. मला तो गिऱ्हाईक म्हणून भेटला आणि त्यांना मालक म्हणून. पैसे गेले असते त्या माणसाचे आणि गाडी मागायला तो माझ्या दारात उभा राहिला असता. मी मेहुणा म्हणून कबूल केलं होतं, मग मी काय सांगणार होतो पोलिसांना?

त्याची बायको पायरीवर बसली. वीस हजार तिच्या भिशीचे होते. आम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार घातली. पण पैसे रात्री नऊला गेलेले, आणि आम्ही फोन केला दुसऱ्या दिवशी साडेअकराला. त्या खात्यात उरलेले सहा हजार तेवढे गोठवले गेले. म्हणून सांगतो, तुझ्या बाबतीत देव न करो असं काही झालंच तर लाजत, विचार करत बसू नकोस. त्याच मिनिटाला १९३०.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट बघतो. फसवणारा कितीही सोंगं घेवो, समोरासमोरच्या दोघांनी एकमेकांशी मोकळं बोलू नये एवढं त्याला लागतंच. म्हणून गाडी बघायला कोणी आलं की पहिला प्रश्न तूच विचार, "तुम्हाला किंमत किती सांगितली आणि कुणी?" आणि गाडी ज्याच्या नावावर व्हायची त्याच्याच खात्यातून पैसे यायला हवेत. काका देतील, साहेब देतील, मित्र टाकेल, असलं काही घेऊ नकोस.

पैसे आल्याचा मेसेज बघून किल्ली देऊ नकोस. मेसेज आणि स्क्रीनशॉट दोन्ही बनवता येतात. आपल्या बँकेचं अॅप स्वतः उघडून शिल्लक बघ. चेक भरल्यावर खात्यात आकडा दिसला तरी तो वटेपर्यंत पैसे आपले नाहीत. मी शेवटी बँकेतच बसलो, गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीवर, त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात आरटीजीएसनं पैसे आले, पासबुकात छापून घेतलं आणि तिथंच किल्ल्या दिल्या. दोन लाखांच्या वरची रक्कम असली की आरटीजीएस चालतं. रोखीचा आग्रह कोणी धरला तर लक्षात ठेव, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकराच्या कायद्यानं बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा. आणि 'चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा' असं कोणी म्हणालं तर बँकेत जाऊन विचारल्याशिवाय काही परत करायचं नाही.

चालवून बघायला देताना त्याचं लायसन्स बघ, फोटो काढून घे, आणि तू शेजारी बस. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली हातात घे. तू दार उघडून खाली उतरलास आणि गाडी चालू असली, तर तेवढाच वेळ पुरतो.

आता कागद. इथं आपली माणसं पैशांपेक्षा जास्त फसतात, कारण हे दुखणं दोन-तीन वर्षांनी वर येतं. माझ्या चुलतभावानं त्याची जुनी गाडी एका एजंटाला दिली, टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, सह्या करून. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. एजंट म्हणाला गिऱ्हाईक मिळालं की नाव भरतो. गाडी दोन हात पुढं गेली, नाव कुणी बदललंच नाही, आणि चलनं येत राहिली भावाच्या मोबाइलवर. चलनं तरी परवडली. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की गाडी विकून पुढं कितीही हात बदलले तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. आणि गेल्या नोव्हेंबरात दिल्लीत लाल किल्ल्याजवळ जिच्यात स्फोट झाला ती गाडीही अशीच अनेक हातांतून गेलेली होती. पोलीस आधी पोचले ते कागदावरच्या मालकाच्या घरी.

म्हणून २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, म्हणजे तेच टीटी फॉर्म, कोरे सही करून कुणाच्या हातात देऊ नकोस. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. ते तो करेल म्हणून थांबू नको, त्याला सोबत घेऊन तूच अर्ज भर, आणि ओटीपी मागितला तर तो कशासाठी आहे हे वाचूनच दे. नाव बदललेलं परिवहन खात्याच्या पोर्टलवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ते काम संपलं असं समजू नकोस. गाडी देताना डिलिव्हरी नोट, म्हणजे ताबा दिल्याचा कागद, कर, तिच्यावर तारखेबरोबर वेळही घाल, अगदी मिनिटापर्यंत, किलोमीटरचं रीडिंग घाल, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. त्या मिनिटानंतर गाडीनं जे काही केलं ते कुणाच्या ताब्यात असताना केलं, याला तोच कागद पुरावा.

तुझी गाडी २०१६ ची, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवली नसशील तर आधी ती बसव, नाहीतर आरटीओत नाव बदलणार नाही. तिची नोंदणी सरकारी साइटवरूनच कर, नावात एखादं अक्षर इकडंतिकडं केलेल्या खोट्या साइटी आहेत. बँकेचं कर्ज फिटलंय म्हणालास, पण आरसीवर बोजा अजून असेल. बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो उतरव. फास्टॅग बंद कर, नाहीतर त्याचे टोल तुझ्या खात्यातून कटत राहतील. विमा कंपनीलाही कळव. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसतो, तुझा असतो, त्याचं पत्र मागून घे, नव्या गाडीला उपयोगी पडेल.

विट्याच्या त्या माणसाचं सांगायचं राहिलं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, गाडी आहे का अजून? होती. त्यानं सोसायटीतून कर्ज काढलं होतं. या वेळी सगळं समोरासमोर बोललो, किमतीवर खूप घासाघीस झाली आणि दोन लाख पस्तीसला दिली. दोन चाळीस ठरले होते, वरचे पाच मीच सोडले. तो शब्द मी उच्चारला होता, त्याचे पाच हजार मला जड झाले नाहीत. मुलगी या वेळीही आली होती. सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली आणि काच खाली केली.

तो फौजी आज संध्याकाळी पुन्हा फोन करेल. उचललास तर एवढंच सांग, गाडी नाशकात आहे, येऊन बघा. काय म्हणाला ते मला रात्री कळव, मी जागा आहे. आईंना नमस्कार, वहिनींना सांग, संक्रांतीचे तिळगूळ पार्सलने पाठवलेत.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा