लॅपटॉप दिला, पण तो मराठी बोलतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना लॅपटॉप वाटल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हेही त्यात असते. त्या लॅपटॉपवर कोणता स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, आहे आणि त्यात मराठी आवाज घातला आहे का, हे मात्र बातमीत नसते. बहुधा खरेदीच्या कागदातही नसते. एखादा स्क्रीन रीडर महाग आहे म्हणून चांगला किंवा फुकट आहे म्हणून पुरेसा, असे धरून चालले जाते. आमच्या मते निवड दोन गोष्टींवरून करावी: त्या व्यक्तीला नेमके कोणते काम करायचे आहे, आणि त्या कामात मराठी किती आहे.

आधी एक गैरसमज. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाचे, रकान्याचे, लिंकचे नाव आणि प्रकार तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून मागून घेतो. विंडोजवर हे काम मुख्यतः यूआय ऑटोमेशन करते, लिनक्सवर एटी-एसपीआय, मॅकची व्यवस्था वेगळी. सॉफ्टवेअर करणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर कितीही महागडा स्क्रीन रीडर ‘बटण, बटण, बटण’ एवढेच म्हणणार. शिवाय मिळालेले शब्द उच्चारायला आवाजाचे इंजिन वेगळे लागते. म्हणून ‘हा मराठी नीट वाचत नाही’ अशी तक्रार आली की दोष सॉफ्टवेअरचा, आवाजाचा की मजकुराचाच, हे आधी पाहावे लागते.

विंडोजवर तीन पर्याय आहेत. नॅरेटर विंडोजसोबतच येतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो, अगदी नवा संगणक पहिल्यांदा सुरू होतानाही. दुसरे काही चालत नसेल तेव्हा हाताशी असलेला आवाज, हा त्याचा मोठा उपयोग. कॅप्स लॉक आणि स्पेस दाबून स्कॅन मोड चालू केला की एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर जाता येते. पूर्वीपेक्षा तो पुष्कळ सुधारला आहे, तरी जुन्या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर दिवसभर काम करायचे तर तो अपुरा पडतो.

एनव्हीडीए हा मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने २००६ मध्ये सुरू केला. तो मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे. पेन ड्राइव्हवर त्याची पोर्टेबल प्रत करून कोणत्याही विंडोज संगणकावर चालवता येते. सायबर कॅफेत किंवा परीक्षा केंद्रावर हाच मोठा आधार असतो. मात्र पोर्टेबल प्रत लॉग-इनच्या पडद्यावर बोलत नाही, आणि ‘या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का’ असे विंडोज विचारते तिथेही गप्प होते. संगणक स्वतःचा असेल तर एनव्हीडीए इन्स्टॉलच करावा आणि साइन-इनच्या वेळी सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवावा. अनेक शाळांच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे. तिथे नवी आवृत्ती चढत नाही, २०२३.३.४ ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती. हे ठाऊक नसल्यामुळे ‘एनव्हीडीए चालतच नाही’ असा शेरा मारून संगणक बाजूला ठेवले जातात.

आता मराठीचे. विंडोज १० आणि ११ वर एनव्हीडीए आपणहून मायक्रोसॉफ्टचे वनकोअर आवाज घेतो. त्यांत भारतीय भाषांपैकी हिंदी आणि तमिळ आहेत, मराठी नाही. हिंदी आवाजावर भागवता येते असे बरेच जण समजतात आणि बातमी ऐकण्यापुरते भागतेही. पण ‘विज्ञान’चे ‘विग्यान’ होते, आणि ४३ हा आकडा ‘तैंतालीस’ असा कानावर पडतो. गुणपत्रिका किंवा बँकेचे खाते तपासताना मनात सतत भाषांतर करत बसावे लागते. इंग्रजी आवाज असेल तर तो बहुतेक वेळा देवनागरी मजकूर सोडूनच देतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की पान कोरे आहे.

उपाय एनव्हीडीएतच आहे. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा, तसे ठरवले असेल तर, कॅप्स लॉक. ती धरून कंट्रोल आणि एस दाबावे. सिंथेसायझरच्या, म्हणजे आवाजाच्या इंजिनांच्या, यादीतून ईस्पीक एनजी निवडावे. मग एनव्हीडीए की, कंट्रोल आणि व्ही दाबून आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडावी. तिथेच भाषा आपोआप बदलण्याची खूण चालू ठेवावी. ईस्पीकच्या यादीत शंभराहून जास्त भाषा असल्यामुळे इंग्रजी आणि मराठी यांच्यात दर वेळी बाणांनी ये-जा करणे जिवावर येते. त्यापेक्षा एनव्हीडीए की, कंट्रोल आणि पी दाबून ‘मराठी’ नावाचे वेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करावे, त्यात मराठी आवाज आणि मानवेल तो वेग ठेवावा, आणि इनपुट जेश्चरच्या चौकटीतून त्या प्रोफाइलला एक शॉर्टकट जोडून द्यावा. मग एका झटक्यात भाषा बदलते. लॅपटॉप हातात देण्याआधी करून ठेवण्याचे काम ते हेच, आणि नेमके हेच कोणी करत नाही.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, गोड अजिबात नाही. नवख्याला तो नकोसा वाटतो. पण कळ दाबताक्षणी तो बोलतो आणि वेग वाढवला तरी त्याचे शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. दिवसभर काम करणाऱ्याला गोडव्यापेक्षा हे महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टकडे आरोही आणि मनोहर असे दोन छान मराठी आवाज आहेत. एज ब्राउझरच्या ‘रीड अलाउड’मध्ये ते ऐकता येतात. ते इंटरनेटवरून येतात, त्यामुळे लेख सलग ऐकायला उत्तम, पण टाइप करताना एकेक अक्षर ऐकायला निरुपयोगी.

टाइप करण्याचा विषय निघालाच आहे तर, दृष्टिहीन विद्यार्थ्याला रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायला शिकवू नये. त्यात पर्यायी शब्दांची यादी उघडते, स्क्रीन रीडर तिच्यात अडकतो आणि चुकीचा पर्याय निवडला गेल्याचे उशिरा कळते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कळरचनेत एक कळ म्हणजे एक अक्षर. के म्हणजे क, शिफ्टसह के म्हणजे ख, डी म्हणजे हलन्त. दाबले तेच ऐकू येते.

तिसरा पर्याय जॉज. डॉसच्या काळापासून चालत आलेला, विकत घ्यावा लागणारा, आणि हजारोंच्या घरातला. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५३९ जणांपैकी ४०.५ टक्के लोकांनी जॉज, तर ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीए हा आपला मुख्य स्क्रीन रीडर असल्याचे सांगितले. उत्तरे देणाऱ्यांत उत्तर अमेरिकेतले लोक सर्वाधिक होते. तिथे जॉजचा खर्च पुष्कळदा नोकरी देणारा किंवा सरकार उचलते, हे विसरू नये. जॉजची ताकद त्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याला जोडता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे. बँकेचे किंवा कॉल सेंटरचे खास सॉफ्टवेअर स्वतःहून नीट बोलत नसेल, तर जाणकार माणूस त्याच्यासाठी स्क्रिप्ट लिहून ते बोलते करू शकतो. एनव्हीडीएलाही अ‍ॅड-ऑन लिहिता येतात, पण कंपन्यांना पाठबळ देणारी माणसे जॉजभोवती जास्त आहेत. नोकरीच्या जागी अशी गरज असेल तर जॉज जरूर घ्यावा. शाळेतल्या मुलाला ब्राउझर, वर्ड आणि एक्सेल वापरायचे असेल तर तो खर्च उगाच. घेण्याआधी परवान्याशिवाय चालणाऱ्या ४० मिनिटांत आपल्याच कामाच्या फायली उघडून पाहाव्यात. वेळ संपली की संगणक पुन्हा सुरू करून परत ४० मिनिटे मिळतात.

मॅकवर निवडीचा प्रश्नच येत नाही. तिथे २००५ पासून व्हॉइसओव्हर अंगभूत आहे आणि कमांड व एफ५ दाबून तो सुरू होतो. विंडोजवरून आलेला माणूस इथे हमखास एका जागी अडतो. व्हॉइसओव्हर पडदा गटागटांत मांडतो. तक्त्यात किंवा टूलबारमध्ये ‘शिरावे’ लागते, म्हणजे कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट आणि खालचा बाण. बाहेर पडायला त्याच कळा आणि वरचा बाण. हे न कळल्यामुळे ‘इथे काहीच नाही’ असे समजून लोक पुढे जातात. मोठ्या वेबपानांवर सफारी प्रतिसाद देत नसल्याची घोषणा ही या जोडीची जुनी खोड आहे. जमेची बाजू ही की मराठीचा आवाज अ‍ॅपलने स्वतः दिला आहे आणि तो ईस्पीकपेक्षा ऐकायला पुष्कळ बरा आहे. गाणे, ध्वनिमुद्रण यांत काम करणाऱ्याने मॅक घ्यावा. एक्सेलवर दिवस काढणाऱ्याने घेऊ नये.

लिनक्सवर ओर्का आहे. ग्नोम डेस्कटॉपवर सुपर (म्हणजे विंडोजची कळ), ऑल्ट आणि एस दाबून तो सुरू होतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे: इन्स्टॉलेशनचा मेनू आला की बीप वाजतो, तेव्हा एस दाबून एंटर केले की पुढचे सगळे बोलून करता येते. दृष्टिहीन माणूस कोणाच्या डोळ्यांशिवाय संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चढवू शकतो. ओर्कालाही मराठी ईस्पीकचीच. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस रायटर यांवर तो चांगला चालतो. त्रास होतो तो आवाजाच्या साखळीत: ओर्का बोलायचा मजकूर स्पीच डिस्पॅचरला देतो, तो ईस्पीकला, आणि तिथून तो ध्वनियंत्रणेकडे जातो. एखाद्या अपडेटनंतर यातली एक कडी निखळली की संगणक चालू असतो आणि मुका असतो. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर ओर्काच्या कळा नीट न चालण्याची अडचणही बराच काळ होती. ग्नोम ४८ पासून ती बरीच दूर झाली. जवळ लिनक्स जाणणारा माणूस असेल तर ओर्का घ्यावा. केवळ विंडोजचा परवाना वाचतो म्हणून संस्थेने तो विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारू नये.

क्रोमबुकवर कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून क्रोमव्हॉक्स सुरू होतो. ब्राउझरपुरते काम असेल तर पुरतो.

इतके करूनही मराठी वाचकाची निम्मी अडचण शिल्लक राहते, कारण ती मजकुरात आहे. कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे असतात. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरला ई, जे, के, बी, एच असा मिळतो. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते. वर्डमधून ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नये. ‘सेव्ह अ‍ॅज’ मधून पीडीएफ करताना सुलभतेसाठीचे टॅग ठेवण्याचा पर्याय चालू करावा, आणि सोबत मूळ वर्ड फाइलही द्यावी. स्कॅन केलेली पाने तर निव्वळ चित्रे. चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या विंडोजच्या ज्या ओसीआरला एनव्हीडीए हाक मारतो त्याला देवनागरी येत नाही. टेसरॅक्ट या दुसऱ्या ओसीआरमध्ये मराठी आहे, पण स्कॅन ३०० डीपीआयचा आणि सरळ हवा.

आणि आता थोडे आपल्या व्यवसायाबद्दल. मराठी वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्या बहुधा पानांची चित्रे असतात. त्या दृष्टिहीनांसाठी बंद आहेत. संकेतस्थळांवर मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद पुष्कळदा नसते किंवा तिथे चक्क इंग्रजी लिहिलेले असते. मग आपोआप भाषा बदलणारा स्क्रीन रीडरही इंग्रजी आवाजातच बसून राहतो. ही दुरुस्ती एका ओळीची आहे. मथळे नुसते ठळक न करता हेडिंग म्हणून द्यावेत. ‘अधिक वाचा’ अशा एकसारख्या लिंका नसाव्यात. लिंकांची यादी उघडल्यावर तेच शब्द वीस वेळा ऐकू येतात. आपोआप वाजणारी चित्रफीत स्क्रीन रीडरचा आवाज बुडवते. दर काही मिनिटांनी आपणहून ताजे होणारे पान वाचकाला अर्ध्या लेखातून उचलून पुन्हा वर नेऊन टाकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी शासनाने पावले उचलण्याची तरतूद आहे. अशा सुलभतेसाठीचे भारतीय मानक आयएस १७८०२ हेही उपलब्ध आहे.

आपल्या वेब विभागातल्या कोणीही एनव्हीडीए उतरवून घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे मराठी आवाज लावावा, मॉनिटर बंद करावा आणि केवळ एच दाबत आजचा अग्रलेख शोधून शेवटपर्यंत ऐकावा. अडेल ती जागा लिहून ठेवावी आणि ती यादी संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांकडे द्यावी.

आपले,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवणारे दोन प्रशिक्षक, नाशिक