एनिग्मा १९४४ साली मिळाले म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या (४ जून) ‘दिनविशेष’मधली यू-५०५ पाणबुडीची नोंद वाचली आणि हातातला चहा गार झाला. अमेरिकी नौदलाने ही जर्मन पाणबुडी भर समुद्रात पकडली, इथवर सगळे बरोबर. पण ‘याच पाणबुडीतून एनिग्मा यंत्र प्रथमच दोस्तांच्या हाती लागले व युद्धाचे पारडे फिरले’ हे कुठून आणलेत? (एनिग्मा म्हणजे जर्मनांचे संदेश सांकेतिक भाषेत बदलणारे यंत्र.) तारीख आपणच छापली आहे, ४ जून १९४४. दोन दिवसांनी नॉर्मंडीत फौजा उतरल्या. पारडे फिरवायला जरा उशीरच झाला म्हणायचा!

ब्रिटिशांच्या ‘बुलडॉग’ विनाशिकेने यू-११० पाणबुडी ९ मे १९४१ रोजी पकडली. डेव्हिड बाम नावाचा वीस वर्षांचा पोरगा पिस्तूल घेऊन तिच्या शिडीवरून खाली उतरला. आत कोणी दबा धरून आहे का, सुरुंग लावलाय का, काही माहीत नाही. त्याच्या लोकांनी एनिग्मा यंत्र आणि सांकेतिक वह्या उचलून बाहेर काढल्या. ही गोष्ट माझ्या नातीला तोंडपाठ आहे, कारण पाढ्यांऐवजी मी तिला हेच सांगत आलो (सूनबाईंची त्याबद्दल वेगळी तक्रार आहे).

आता मूळ दुखणे. तीन वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका शाळेत आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. नात आठवीत. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, ‘एनिग्मा यंत्र कोणत्या पाणबुडीतून मिळाले?’ पोरीने बझर दाबला आणि खणखणीत सांगितले, ‘यू-११०’. परीक्षक म्हणाले, चूक. उत्तर यू-५०५. पाच गुण वजा. तेवढ्यानेच पहिला नंबर गेला. मी उठून मंचापाशी गेलो, तर त्यांनी फायलीतून एक कात्रण काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “आजोबा, पेपरात आलंय.” कात्रण आपल्याच रविवार पुरवणीचे होते. अक्षराचे वळण मी चष्म्याशिवाय ओळखतो, ३१ वर्षांचा वर्गणीदार आहे. यू-५०५ मध्येही यंत्रे सापडली हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे फार तर प्रश्न सदोष होता, मुलीचे उत्तर नव्हे. पण छापील कागदापुढे म्हाताऱ्याचे कोण ऐकतो? नातीला पेनसेट मिळाला, शेजारच्या बाकावरच्या मुलाला ॲटलास. मी तेव्हाच आपल्याला पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही. काल तेच वाक्य पुन्हा छापले गेले.

आणि छापायचेच होते तर ‘पेटार्ड’ या ब्रिटिश विनाशिकेचे छापायचे. जर्मनांनी १९४२च्या फेब्रुवारीत आपल्या पाणबुड्यांसाठी चार चक्रांचे एनिग्मा आणले आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रातल्या मंडळींना दहा महिने त्यांचे संदेश वाचता येईनात. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरच्या रात्री भूमध्य समुद्रात यू-५५९ जखमी होऊन वर आली. ‘पेटार्ड’वरचे फॅसन आणि ग्रेझियर पोहत जाऊन तिच्या पोटात शिरले. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले की आपण पुलावर उभे राहून मोबाइल काढतो. हे दोघे अंधारात, वाढत्या पाण्यात उभे राहून वह्या वर देत होते. शिडीवर उभा राहून त्या घेणारा टॉमी ब्राउन हा जहाजावरच्या कॅन्टीनचा पोऱ्या, वय खोटे सांगून भरती झालेला. पाणबुडी एकाएकी बुडाली. ब्राउन वाचला, ते दोघे गेले. त्या वह्यांमुळे डिसेंबरमध्ये संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. आपल्या ‘दिनविशेष’मध्ये ३० ऑक्टोबरला काय असते ते मी पाहिले आहे. एका नटाचा वाढदिवस.

अमेरिकनांच्या धाडसाबद्दल दुमत नाही. कॅप्टन गॅलरींच्या तुकडीतला अल्बर्ट डेव्हिड माणसे घेऊन बुडत्या यू-५०५ मध्ये उतरला, आत येणारे पाणी बंद केले, सुरुंगांच्या तारा तोडल्या. पण त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल किंग गॅलरींवर भडकलेच होते. पाणबुडी पकडल्याचे जर्मनांना कळले असते तर त्यांनी संकेत बदलले असते आणि आधीची सगळी कमाई पाण्यात. म्हणून तिला ओढत बर्म्युडाला नेले, ५८ कैदी लुइझियानात असे दडवले की घरच्यांनी त्यांना मेलेले धरले, आणि सुमारे तीन हजार खलाशांनी युद्ध संपेपर्यंत तोंड मिटून ठेवले. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर कोणी मागवला हे तासभर गुपित राहत नाही! आज ती पाणबुडी शिकागोच्या संग्रहालयात आहे. साडूच्या मुलाने तिच्यापुढचा फोटो ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिले होते ‘एनिग्मा इथेच मिळाले’. त्यानेही आपलाच पेपर वाचला असणार.

दुरुस्ती छापावी, आणि ती ‘हरवले-सापडले’च्या खाली बारीक टायपात नको. मला कात्रण काढायचे आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, गंगापूर रोड, नाशिक

ता. क. : नाव छापू नये. परीक्षक आमच्याच गल्लीत राहतात. आणि शब्दकोड्याची उत्तरे आतल्या पानावर उलटी छापणे बंद करता आले तर पाहा, मान दुखते.