कोपऱ्यात तारीख असलेला नकाशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली बरीच वर्षं मी नकाशांच्या ग्रंथालयात काम करतोय आणि "आता मोबाईलवर सगळं मिळतं, मग तुम्ही तिथे दिवसभर करता काय" हे हल्ली घरचेसुद्धा विचारायला लागलेत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पूर्वी माणूस यायचा, ठिकाणाचं नाव सांगायचा, आम्ही इंडेक्सवर बोट फिरवून शीटचा नंबर काढायचो आणि त्या रुंद सपाट खणातून दोन्ही हातांनी शीट उचलून टेबलावर आणायचो. २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं, जूनमध्ये गूगल अर्थ, आणि हळूहळू 'हे कुठे आहे' विचारणारे यायचेच बंद झाले. थोडं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या कामाला डोकं फारसं लागत नव्हतंच.

आता जे येतात ते वेगळंच मागतात. हा ओढा साठ वर्षांपूर्वी कुठून वाहायचा, या जुन्या नकाशावरची हद्द आजच्या सॅटेलाईट फोटोवर बसवून द्या, जीआयएसमध्ये (म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडेल अशी फाईल द्या. लोकांना वाटतं स्कॅन केलं की झालं. पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो, तो पृथ्वीवर नेमका कुठला तुकडा आहे हे कॉम्प्युटरला कुठे माहीत असतं? मग चौक, पुलाची टोकं, जुन्या इमारतींचे कोपरे असे आजही जागेवर असलेले पॉईंट शोधायचे आणि एकेक जुळवत बसायचं, त्यात कागद आक्रसलेला, घडीवर फाटलेला, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत) भलतंच. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साईट बघा एकदा, जुना नकाशा आजच्या चित्रावर ठेवून स्लायडरने पुसट करता येतो, तासभर कसा जातो कळत नाही. ब्रिटिश लायब्ररीने तर २०१२ मध्ये हे पॉईंट जुळवायचं काम सरळ लोकांवरच सोपवलं आणि लोकांनी ते हौसेने केलं!

कॅटलॉगचंही तेच. मार्क (MARC) या ग्रंथालयांच्या नोंदपद्धतीत ०३४ फील्डमध्ये अक्षांश-रेखांश भरायची सोय जुनीच, पण कित्येक नोंदींत ती जागा रिकामी, कारण तेव्हा नावावरून नकाशा सापडायचा. आता वाचक स्क्रीनवर चौकोन काढतो आणि आतले सगळे नकाशे मागतो, म्हणून जुन्या नोंदी परत उघडून आकडे भरतोय (एक पश्चिमेचा पूर्व झाला की नकाशा थेट दुसऱ्या गोलार्धात जाऊन पडतो). शिवाय डेटा येतो तो वेगळाच ताप. शेपफाईल, म्हणजे नकाशाचा डेटा ठेवायचा एक प्रकार, म्हणायला एक, असतात तीन-चार फाईली, आणि लोक हमखास मोजपद्धत सांगणारी पीआरजेवाली विसरून येतात, मग ते आकडे कुठल्या मोजपद्धतीतले हे आम्ही अंदाजाने शोधत बसतो.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. कागदी नकाशाच्या कोपऱ्यात साल असायचं, नवी आवृत्ती आली तरी जुनी खणात राहायची. ऑनलाईन नकाशात आजचा कालच्यावरच चढतो. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं जपलीत आणि २००८ पासून ती फुकट झाली, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच बनवलेला ऑनलाईन नकाशा केलेल्या बदलांचा इतिहास ठेवतो, त्यांचं ठीक आहे. पण परवा एकीला २००९ मध्ये एका ऑनलाईन नकाशावर एक रस्ता दाखवला होता की नव्हता एवढंच हवं होतं, तर ते काही मिळालं नाही. त्याच भागाची १९३० च्या दशकातली शीट मात्र मी पाच मिनिटांत काढून दिली. त्यात आता डेटा विकतही मिळत नाही, वर्षाच्या लायसन्सवर मिळतो, पैसे थांबले की हातात काही नाही.

आणि अशा वेळी आमच्याकडे काय चर्चा चाललीय, तर स्कॅन झालंय ना, मग कपाटं काढा, जागा मोकळी करा. काढायची तर काढा, पण त्याआधी शीटा उलट्या करून तरी बघा. कित्येकांच्या मागे कुणीतरी पेन्सिलने काय काय लिहून ठेवलंय, आणि आमच्याकडे मागची बाजू स्कॅन केलेलीच नाही.

आपला,
एक नकाशा-ग्रंथपाल