माँटिसेलोची परसबाग

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

तीर्थरूप बाबा व आई यांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, ‘तिथे धड भाजी तरी मिळते का’ या तुझ्या काळजीला उत्तर म्हणून लिहिते की भेंडी आणि वांगी इथे मिळतात, मी ती रांधते आणि वेळेवर जेवते. शिवाय ती इथे नवीनही नाहीत. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलोच्या वाड्यात 200 वर्षांपूर्वी ती लावली जात होती. रविवारी मी ती बाग पाहून आले.

बाबा, आपल्याकडे डोंगरउतारावर मजगी काढतात, तशीच 1000 फूट लांबीची सपाटी तिथे उतार कापून केली आहे आणि खालून दगडी भिंतीने पेलली आहे. तिच्यात 330 जातींची लागवड झाली. माती खणली आणि दगड रचले ते गुलामांनी. मालकाचे काम आटोपल्यावर आणि रविवारी ते आपापल्या तुकड्यांत भाजी पिकवत आणि ती वाड्यालाच विकत. जेफरसन यांच्या नातीने 1805 ते 1808 च्या वहीत त्या खरेदीचा हिशेब लिहून ठेवला आहे. ज्यांना मजुरी नव्हती, त्यांच्याकडून काकड्या विकत घेतल्या जात होत्या, हे वाचून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

एक रीत मात्र समजावूनच सांगावी लागेल. शेजारचे जमीनदार मटाराची शर्यत लावत. ज्याच्या ताटात वर्षाचा पहिला मटार येई, तो जिंकला. पण बक्षीस मिळण्याऐवजी त्यानेच बाकीच्यांना जेवायला बोलवायचे! म्हणजे जिंकणाऱ्याच्याच घरी पंगत. एका वर्षी जेफरसन यांचा मटार आधी तयार झाला, तरी नेहमी जिंकणाऱ्या शेजाऱ्याचे मन मोडू नये म्हणून त्यांनी घरच्यांना गप्प राहायला सांगितले.

ताईच्या लग्नाला मी नक्की येणार असे म्हटले होते, पण रजा मंजूर झालेली नाही. ताईला मी स्वतः सांगेन, तुम्ही तिला काही बोलू नका. मांडवाचे आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे कालच पाठवले आहेत. माझ्या स्थळाचा विषय लग्न पार पडेपर्यंत काढू नये, एवढी विनंती आहे. बाबा, गुडघा दुखत असताना परसातल्या चवळीला कळशीने पाणी घालू नका. गडी लावा आणि त्याला रोजच्या रोज मजुरी द्या. तेवढे पैसे मी जास्तीचे धरले आहेत.

तुमची लेक