काका, शोरूमला माणसं मिळाली, लय लय थँक्यू

प्रिय काका,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा अंगठा टाकून मोकळे झाला असता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर. नाव टाकू नकोस म्हणालात, नाही टाकत, पण मुलुंड-भांडुपमधले अर्धे मेकॅनिक पहिल्या चार ओळींत ओळखतील त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भांडुपला एलबीएस मार्गावर आमचं गाड्यांचं शोरूम, मागे वर्कशॉप. ऐन दसऱ्याच्या तोंडावर एका दुसऱ्या शोरूमने आमचा टीम लीडर उचलला आणि साहेब जाताना आपली पोरंपण सोबत घेऊन गेले. या लाइनीत हे चालतंच, दोन हजार वाढवून दिले की माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असतो, पण दसरा आणि धनत्रयोदशीच्या डिलिव्हऱ्या डोक्यावर आणि फ्लोअरवर माणूस नाही म्हटल्यावर माझी जाम तंतरली होती. पोर्टलवर जाहिरात टाकली तर रेझ्युमे ढिगाने आले, सगळे 'टार्गेट ओरिएंटेड', सगळे 'टीम प्लेयर', यातला कामाचा कोण हे ओळखायचं कसं? तेव्हा आईने तुमचं नाव काढलं. सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस, रिटायर होऊन घरी बसलाय, विचारून तर बघ म्हणाली.

तुम्ही आलात आणि रेझ्युमेमध्ये पहिलं काय बघितलंत तर पत्ता. मला वाटलं चष्मा विसरलात की काय. मग म्हणालात, शोरूमला गर्दी कधी? रविवारी. आणि मेगाब्लॉक कधी? रविवारीच. माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की बदलापूरवाला पोरगा कसा येणार हे त्यालाच विचार, 'येईन सर' म्हणाला तर सोड, पण ठाण्यापर्यंत लोकलने आणि पुढे बसने असं धडधड सांगितलं तर त्याने खरंच विचार केलाय. आमच्या एचआरवाल्या मॅडमनी हा प्रश्न आता फॉर्ममध्येच टाकलाय, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पण मी खरा गार पडलो तो वर्कशॉपमधल्या इंटरव्ह्यूला. इंटरव्ह्यू म्हणजे काय, खुर्ची नाही, टेबल नाही, मुलाला सरळ बेवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला लावतात त्या जागी, नेलंत आणि म्हणालात चाक काढ आणि लाव. आणि बघत काय होतात तर गाडीत बसायच्या आधी सीटवर कव्हर टाकतो का, खाली पेपर मॅट ठेवतो का, नट आधी हाताने दोन आटे फिरवून घेतो का डायरेक्ट नट आवळायची मशीन, म्हणजे गन, लावतो, समोरासमोरचे नट आवळतो का गोल गोल फिरत जातो, आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना, मागतो का. एक जण दहा वर्षांचा अनुभव सांगत होता, गन लावून दोन मिनिटांत मोकळा. दुसरा आयटीआयमधून नुकताच मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेला, हात थरथरत होते पण रेंच त्याने मागितला. तुम्ही त्याला घ्या म्हणालात आणि मी थोडं तोंड वाकडं केलं ते तुम्ही बघितलंत हे मला माहितीये. तो पोरगा आज आमच्याकडे पीडीआय करतो, म्हणजे गाडी कस्टमरच्या ताब्यात जायच्या आधीची शेवटची नजर त्याची असते.

आरटीओच्या कामाला माणूस हवा होता, तिथे तुम्ही अजून भारी केलंत. टॉर्च दिलात आणि गाडीचा चॅसिस नंबर उतरवून आण म्हणालात. सतरा अक्षरं-आकडे. एकाने मध्येच इंग्रजी ओ लिहून आणला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून, त्यामुळे ओ दिसला की समजायचं याने नीट बघितलेलं नाही. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर असा एक आकडा चुकला की नंतर आरसी दुरुस्त करायला किती चपला झिजतात हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. बरोबर नंबर आणलेली मुलगी आधी मेडिकलच्या दुकानात कॅशवर होती, गाड्यांचा अनुभव शून्य. आज वडाळा आरटीओची फाइल तीच बघते आणि कोणाचं ऐकून घेत नाही.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरसाठीचा (गाडी सर्व्हिसला आणणाऱ्या कस्टमरशी बोलणारा माणूस) तुमचा पावसाचा प्रश्न तर मी आता स्वतःचा म्हणून खपवतो. 'जुलैमध्ये कस्टमरचा फोन आला, गाडी पाण्यात बंद पडलीये, काय सांगशील?' बहुतेक सगळे म्हणाले टोइंग पाठवतो सर. बरोबरच आहे, पण तुम्ही थांबून राहिलात. एकच बाई बोलल्या, 'आधी सांगेन सेल्फ मारू नका.' बस्स. पाणी आत गेलेलं असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत इंजिनचं हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. म्हणजे पहिल्या वाक्यात कस्टमरचं इंजिन वाचतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यानंतर वर्कशॉपबाहेर लागलेल्या गाड्यांच्या रांगेची तुमची गोष्ट आमच्या पोरांनी चहा थंड करून ऐकली.

सेल्सला तुम्ही फारसं डोकं घातलं नाहीत, ती तुमची लाइन नाही म्हणालात. तरी सीएनजी गाडी दाखवायला लावून जो मुलगा न विचारता डिकी उघडून 'सर सिलिंडरमुळे एवढीच जागा उरते, गावी जाताना बॅगा वर लागतील' असं बोलला त्याच्याकडे बोट दाखवून गेलात. आमचा मॅनेजर म्हणाला हा गिऱ्हाईक पळवेल. उलट झालं, मुलुंडच्या एका गुजराती फॅमिलीने त्याच्याकडूनच गाडी घेतली, त्याला गुजराती येतं हा बोनस. आणि तुमचं म्हणणं मला पटतं की नव्या गाडीवर डीलरला सुटतं किती, थोडंच, खरं घर चालतं सर्व्हिस, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीजवर, मग सेल्सवाला खोटं बोलला तर तो माणूस दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला आपल्याकडे येईल कशाला?

चौकशीची तुमची पद्धत पण लिहून टाकतो, लोकांच्या उपयोगी पडेल. आधीच्या कंपनीच्या एचआरला फोन करायचा नाही, ते जॉइनिंगची तारीख सांगून फोन ठेवतात. स्पेअर्स काउंटरवाल्याला आणि गेटवरच्या वॉचमनला विचारायचं. पार्ट उसना घेऊन परत करतो का, रात्री उशीर झाला तर कस्टमरची गाडी कशी लावून जातो. काय एकेक कळलं आम्हाला, इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि एक गोष्ट जी मला तेव्हा टोचली होती. वर्कशॉपला दोन मुली घ्यायच्या ठरल्या तेव्हा मी एकदम खूश, फोटो काढू, पोस्ट करू. तुम्ही विचारलंत, कपडे कुठे बदलणार त्या? स्टोअरच्या मागची खोली तुम्ही उभं राहून रिकामी करून घेतलीत, आतून कडी लावून घेतलीत, मगच ऑफर लेटर. लेटरमध्ये इन्सेन्टिव्हचा स्लॅब लिहूनच द्या, तोंडी काही ठेवू नका, हेही तुमचंच. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांचं ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, काम पहिल्याच महिन्यात करून टाका म्हणालात, कारण टेक्निशियनच्या घरी आजारपण आलं की तो पगार वाढवून देणाऱ्याकडे पळतो. तीस किंवा जास्त माणसं झाली की अप्रेंटिस घेणं कायद्यानेच भाग आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, तर ते नाइलाज म्हणून घेऊ नका, तिथूनच उद्याचे टेक्निशियन उचला, हे तुम्ही मालकांना तोंडावर सांगितलंत. आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. पाकीट दिलं तर आईच्या हातात परत दिलंत, वर मलाच ओरडलात. तुमची झेन गाडी सर्व्हिसला आणा म्हटलं तर म्हणता तिला बाहेरचा हात चालत नाही.

दसरा पार पडला, धनत्रयोदशीला रात्री उशिरापर्यंत चाव्या दिल्या, पेढे संपले, माणसं कमी पडली नाहीत. त्यासाठी मनापासून आभार.

फक्त बॉडी शॉपला, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला, पेंटर अजून मिळत नाहीये काका. पांढरा मेटॅलिक जुळवता येणारा हवाय, येतात ते सगळे सॉलिड कलरवाले. शनिवारी तिघांना बोलावलंय. दुपारी जेवून या, आई मटण करतेय.

तुमचाच,
भांडुपवाला