बाबा खालीच बसून राहिले

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आम्ही भगूरचे. माझे वडील ८२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मुलांना सेल्युलर जेल शिकवला, पाहिला नव्हता. गेल्या महिन्यात त्यांना अंदमानला नेलं. एक्क्याण्णव हजार रुपये गेले, सगळे त्यांच्या पेन्शनचे.

गुडघे पार गेलेत, म्हणून आधीच एका कार्यालयाला लेखी विचारलं होतं. व्हीलचेअर मिळेल, वर न्यायला दोन माणसं देऊ, असं उत्तर आलं. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. खुर्ची नाही, माणसं नाहीत. ‘आम्हाला तसं कुणी कळवलेलं नाही,’ एवढंच ऐकलं. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाबा खाली अंगणात बसून राहिले. मी एकटी वर जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, “झरोका किती उंचावर आहे गं?” मला सांगता आलं नाही.

साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, हे कोठडीचं माप त्यांना पाठ आहे. कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, दिवसाला तीस पौंड तेल गाळायची सक्ती. १९३३च्या उपोषणात जीव गेलेले राजबंदी महावीर सिंग, मोहन किशोर नामदास, मोहित मोईत्रा. सगळं फळ्यावर लिहून शिकवलंय त्यांनी. आणि त्यांनाच दोन जिने चढवायला तुमच्याकडे माणूस नाही? १९७९मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, २०१४पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. शहराचं नाव बदलायला वेळ लागत नाही, साहेब.

तुरुंगाच्या सात चाळी होत्या, तीन उरल्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेटं घेतली होती, पण सगळ्या काही त्यांनी पाडल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर आपणही पाडल्या, जुने राजबंदी विरोधाला उभे राहिले म्हणून उरलेलं वाचलं. ज्यांनी भोगलं त्यांनीच पुन्हा ओरडायचं, तेव्हा सरकारला जाग येणार! दर नोव्हेंबरात बाबांना हयातीचा दाखला द्यायला नेते, तिथेही कचेरी दुसऱ्या मजल्यावर. माणूस जिवंत आहे हे त्यानेच जिने चढून सिद्ध करायचं. कुठल्याही खात्यात जा, म्हाताऱ्या माणसाचा विचार करून काही बांधलेलंच नाही.

मला दिलगिरीचं पत्र नको, पैसेही नकोत. त्या कोठडीपर्यंत म्हाताऱ्या, अपंग माणसांना नेण्याची सोय करा आणि ती कधी होईल ते कळवा. जानेवारीत बाबा त्र्याऐंशीचे होतील. मी पुन्हा पैसे जमवायला लागले आहे.

आपली,
एका शिक्षकाची मुलगी
भगूर, जि. नाशिक