ऋणनिर्देशातून तुम्ही स्वतःलाच उडवलंत, अक्का

अक्का,

सप्रेम नमस्कार.

माझ्या भयकथांचं पुस्तक छापून आलं, गठ्ठे घरी येऊन पडले, ओळखीच्यांना सह्या करून दिलेसुद्धा, आणि मग लक्षात आलं की ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्याबद्दल, म्हणजे ते टाइप करून पानं लावणाऱ्या बाईंबद्दल, लिहिलेला परिच्छेद त्यात नाहीच. प्रकाशकांचे आभार आहेत, मुखपृष्ठवाल्याचे आहेत, माझ्या सासूबाईंचेही आहेत, ज्यांनी ते पुस्तक अजून उघडलेलं नाही आणि उघडणारही नाहीत. तुम्हाला फोन केला तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "पान ओव्हर होत होतं ओ. दोन ओळी पुढच्या पानावर जायल्या होत्या, बरं दिसंना. म्हणून काढले." अख्ख्या पानातून नेमक्या त्याच ओळी! अक्षर अर्धा पॉइंट कमी केलं असतं तर सगळं बसलं असतं, एवढं मलाही आता कळतं, आणि तेही तुमच्याच शेजारी बसून बसून. म्हणून हे उघडं पत्र. इथे पान भरण्याची भीती नाही. नाव मात्र घालत नाही, कारण घातलं तर पुढचं काम तुम्ही दारातूनच परत पाठवाल.

आपली ओळख भुतांमुळे नाही, फाँटमुळे झाली. एका दिवाळी अंकाने कथा मागवली होती आणि "हस्तलिखित स्वीकारले जाणार नाही" अशी अट घातली होती. मी तेव्हा हाताने लिहायची, कारखान्यातल्या रद्द बिलबुकांच्या पाठकोऱ्या कागदांवर. दिवसभर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे हिशेब आणि रात्री त्याच पेनाने मुडदे. कुणीतरी सांगितलं, अशोक चौकाच्या मागे एक बाई डीटीपी करतात, कसलंही अक्षर वाचतात. आले तर तुमच्या टेबलावर एक तेलुगू लग्नपत्रिका, एक कन्नड वास्तुशांतीची पत्रिका आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा एक फ्लेक्स असं तिन्ही एकदम चालू होतं. माझे कागद चाळून तुम्ही विचारलंत, "हे कुठलं गाव ओ मॅडम? इतकं पाऊस पडायलंय?"

कोकणातलं गाव होतं. कौलारू वाडा, धो धो पाऊस, विहीर, कंदील, सगळं यथासांग. भयकथेला तेच लागतं अशी माझीच नव्हे, आपल्याकडे निम्म्या लिहिणाऱ्यांची समजूत. सोलापुरात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, धुकं बघायचं तर डिसेंबरात पहाटे उठून नशीब काढावं लागतं. इथल्या भुतांनी करायचं काय? तुम्ही कीबोर्डवरचे हात न थांबवता म्हणालात, "आमच्याकडं भूत दुपारी बाराला येतंय. रात्री लोक जागे असतात, लूम चालू असतात. दुपारी रस्त्यावर कोण नसतंय."

लूम म्हणजे इथले यंत्रमाग. तुमच्या त्या बोलण्यावर माझ्या पुढच्या कितीतरी कथा उभ्या आहेत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला, डांबर चपलेला चिकटतंय, साखर पेठेत सगळी शटरं अर्धी ओढलेली, आणि अशा उन्हात एक बाई डोक्यावर पदर न घेता सावकाश चालत येतेय. बस. यात कंदील लागत नाही.

आता तुमच्या अत्तम्मांबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल. त्यांचे आभार मानले तर त्या मलाच वेड्यात काढतील, म्हणून तुमच्यामार्फत मानते. मागच्या खोलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. तेंदूच्या पानाचे कातरलेले तुकडे, तंबाखूची चिमूट, गुंडाळी, दोरा, आणि बोटांकडे न बघता पुढची विडी. तुम्ही माझी कथा टाइप करता करता त्यांना तेलुगूत सांगत जायचात, रेडिओला पर्याय म्हणून. एकदा मी करेक्शनसाठी बसले होते तेव्हा बघितलं, एका जागी त्यांचे हात थांबले. विडीचे पैसे हजारावर मिळतात, हात थांबला की पैसा थांबला. ते हात थांबवणं म्हणजे काय हे कळायला मला समीक्षकाची गरज नव्हती. तेव्हापासून मी कथा तुमच्याकडे नुसती टाकून जात नाही, बसून राहते. "थांबले का?" एवढंच विचारते. बहुतेक वेळा तुम्ही मान हलवून नाही म्हणता. एका कथेच्या वेळी तर त्या मधेच उठून भात टाकायला गेल्या. ती कथा मी फाडली नाही, पण पाठवलीही नाही.

लूमची कथा मात्र सविस्तर सांगायलाच हवी. विषय तसा साधा होता. लाइट गेलेत, सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली, अख्खी गल्ली गप्प झालीय, आणि एका शेडमधून खटखट येतच राहते. ज्यांचं बालपण त्या आवाजात गेलं त्यांना माहीत आहे की लूम चालू असताना तान्ही मुलं झोपतात आणि बंद पडले की दचकून उठतात. माझी सुरुवात त्या शांततेपासूनच होती. तुम्ही पहिल्याच पानावर मला अडवलंत. "करंट गेलं की लूम टकदिशी थांबत नाही ओ. चाकाला वेग असतंय. दोन-तीन खटके पडतात, मग धोटा अडकतंय. आणि सगळ्यांचं एकदम थांबत नाही, पुढं-मागं होतंय." (वाचणाऱ्यांसाठी: धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो.) मग तुम्ही टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलंत. एक लूम मरतो, मग दुसरा, मग लांबचा एक. गल्ली टप्प्याटप्प्याने कशी गप्प होते ते. मी तसंच्या तसं लिहून घेतलं. कथेतला सगळ्यात भीतिदायक परिच्छेद तोच आहे, आणि त्यात भूत नाहीच.

पुढे त्या शेडचं दार उघडतं आणि आत लूम नसतातच, कधीच भंगारात किलोवर विकलेले. हे टाइप करून तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात. मग खुर्ची मागे सरकवून फरशी दाखवलीत. तुमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली सिमेंटने बुजवलेले खड्डे आहेत, लूमच्या पायांना जिथे बोल्ट होते तिथले. बुजवण नीट बसलेलं नाही, त्यामुळे खुर्चीचं एक चाक त्यात अडकतं आणि तुम्ही कायम जरा डावीकडे कललेल्या असता. मला वाटायचं पाठ दुखते. "विकल्यावर मालकाला वर्षभर आवाज येत होतं," तुम्ही यजमानांबद्दल म्हणालात. "रात्री उठून बसायचे. भूत-बित नाही, सवय." आणि लगेच, "पान सात झालं, पुढचं द्या."

त्या कथेत मग भूत कुणाचं हे मी सांगितलंच नाही. वाचणाऱ्यांची पत्रं आली, फोन आले. अत्तम्मांचे हात थांबले की नाही हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता जरा रडगाणं, कारण त्यातही तुमचा वाटा आहे. भयकथा लिहिणाऱ्याला आपल्याकडे पंगतीत बसवतात, पण पाट देत नाहीत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही नावं घेऊन लोक हळवे होतात, लहानपणी गोधडीत शिरून वाचलेलं आठवतात, आणि दुसऱ्याच वाक्याला विचारतात, "पण तुम्ही काही सीरियस लिहीत नाही का?" नातेवाइकांत तर बाईने असलं लिहिणं म्हणजे घरात अवदसा बोलावणं. माझ्या एका नणंदेने बाळंतपणाला मी येऊ नये असं आडून सुचवलं होतं. पैशाचं म्हणाल तर दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, आणि मानधनाच्या चेकची वाट बघण्याची परंपराही बहुधा तेव्हापासूनचीच. एका ऑडिओवाल्याने चार कथा घेतल्या, पैशाबद्दल विचारलं की "रीच मिळतोय ना मॅडम" म्हणायचा. दुसऱ्या कुणीतरी लूमची कथा उचलून, माझं नाव गाळून, मागे कोल्हेकुई लावून व्हिडिओ केला. पूर्व भागात कोल्हे! तो व्हिडिओ तुम्हीच शोधून काढलात, आणि माझ्यापेक्षा तुम्ही जास्त चिडलात, कारण त्याने 'धोटा' ऐवजी 'घोटा' वाचलं होतं.

या सगळ्या काळात तुमच्या उधारीच्या वहीत माझं पान वाढत गेलं. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग असताना माझी कथा मधे घुसवायचात. "मेलेले लोक थांबतात, पण लग्नवाले थांबत नाहीत" असं म्हणून माझं काम मागे टाकायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. तुम्ही ते नुसतं म्हणालात, मागे कधी टाकलं नाहीत.

एक गोष्ट मला तुमच्याकडून फार उशिरा मिळाली आणि ती मिळाल्यावर माझं लिहिणंच बदललं. हडळीची कथा होती. आपल्याकडची सगळी वंशावळ मला पाठ. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, कुठे तिलाच अळवंत म्हणतात. माझी हडळ घरातल्या नव्या सुनेला छळत होती. तुम्ही प्रूफ देताना विचारलंत, "ही बाई कशानं मेली?" म्हटलं, बाळंतपणात. "का मेली? दवाखान्यात नेलं नाही का?" म्हटलं, जुन्या काळातली आहे. "मग तिला राग कुणावर येईल? नेलं नाही त्याच्यावर येईल की. ह्या पोरीनं काय केलंय तिचं?"

मी ते प्रूफ घरी घेऊन गेले आणि पहिल्यापासून लिहिलं. नवीन कथेत हडळ सुनेच्या अंगाला हात लावत नाही. ती रोज दुपारी ओसरीवर सासऱ्याच्या समोर येऊन बसते, एवढंच. काही बोलत नाही. म्हातारा महिनाभरात खंगतो. या कथेवर बायकांची जितकी पत्रं आली तितकी मला कशावरच आली नव्हती, आणि बहुतेकींनी आपल्या घरातल्या कुणा आजीचं, आत्याचं बाळंतपण लिहून पाठवलं होतं. मी घाबरवायला बसले होते. त्या बायकांना मात्र त्या हडळीची ओळखच पटली.

एक फोन तर मी तुमच्याच दुकानात असताना आला होता. जिल्ह्यातल्याच एका गावातला माणूस. माझी कथा वाचली होती, पुस्तकातून नंबर मिळवला होता. पुतणी रात्री ओरडते, जेवत नाही, गावातला देवऋषी म्हणतो बाधा आहे, अमावास्येला उतरवू. "ताई, तुमच्या कथेतला उतारा खरा का? नारळ कोणत्या दिशेला ठेवायचा?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं लोकांनी खरं मानावं म्हणून झटले, आणि एकाने खरं मानलं तर माझे हातपाय गार पडले. तुम्ही फोन ओढून घेतलात. "दादा, भूत ताई लिहितात आणि मी टाइप करते. सतरा रुपये पानाला घेते. खरं असतं तर एवढ्यात टाइप केले असते का? पोरीला सिव्हिलला घेऊन या. मानसोपचाराचे डॉक्टर असतात, केसपेपर काढायला मी येते."

मग मी भानावर येऊन कायद्याचं बोलले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, बांधून ठेवलं, मिरचीची धुरी दिली, तर सहा महिने ते सात वर्षं कैद. तो माणूस कायद्याला घाबरला की केसपेपरला भुलला, माहीत नाही, पण अमावास्येआधी ते मुलीला घेऊन आले आणि तुम्ही दुकान बंद ठेवून ओपीडीच्या रांगेत त्यांच्यासोबत बसलात. बंद दुकानावर तुम्ही लावलेली पाटी मी पाहिली होती: 'पत्रिका दुपारनंतर मिळतील'. त्यानंतर माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, "या कथा काल्पनिक आहेत, घरात कुणाला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे न्या" असं चौकटीत येतं. ती चौकट तुम्ही मला न विचारता टाकलीत. तिच्यासाठी पान कधी ओव्हर झालं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात नवी कथा घेऊन येतेय. अंकाला श्रावण संपायच्या आत द्यायचीय, म्हणजे नेहमीसारखीच घाई. मागे तुम्ही एकदा विचारलं होतंत, "पूर्व भागातलं भूत पुण्याचं मराठी कसं बोलायलंय?" त्याचं उत्तर तेव्हा मला सुचलं नव्हतं. या कथेतली म्हातारी तेलुगूतच बोलणार आहे. तिचे संवाद मी मराठीत लिहून ठेवलेत, पण ते तेलुगूत अत्तम्मांकडूनच घ्यायचेत, त्यांच्या तोंडचे. शेवटी ती जावयाला उभा-आडवा झोडपते, तिथे मी जागा रिकामी सोडलीय. त्यांना म्हणावं हात राखू नका, संपादकांना तेलुगू येत नाही.

तुमची,
बाकी थकलेली गिऱ्हाईक